उसनें इंजिन



आमच्या बारामती-इंदापूर भागांत बैलगाड्यांच्या शर्यतींचा नाद फार जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें २०१४ सालीं त्या बंद पडल्या, २०२१ च्या डिसेंबरांत कांहीं अटींवर पुन्हां सुरू झाल्या, आणि २०२३ च्या मे महिन्यांत न्यायालयानें त्यासंबंधींचा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या शर्यतींतील एक गोष्ट शहरांतल्या माणसाच्या सहसा लक्षांत येत नाहीं. गाडा एकाचा असतो, त्याला जुंपलेला एक बैल त्याच मालकाचा असतो, आणि जोडीचा दुसरा बैल पुष्कळदां भलत्याच गांवच्या मालकाचा असतो. शर्यत जिंकली म्हणजे गुलाल दोघांच्याहि अंगावर पडतो. पण पुढच्या मैदानांत तोच बैल प्रतिस्पर्ध्याच्या गाड्याला जुंपलेला दिसला, तर तक्रार करावयास जागा नसते. बैल त्याचा, तो कोणाला द्यावयाचा हें तोच ठरविणार.

आज मी जी हकीकत सांगणार आहें, ती बैलांच्या नव्हे, मोटारसायकलींच्या शर्यतीची आहे. पण तिच्यांतील पेंच हाच आहे. इटलींतील एका शर्यत-पथकानें जवळजवळ वीस वर्षें उसन्या इंजिनावर शर्यती जिंकल्या, मग दुसऱ्याच एका कारखान्याचें इंजिन आणून हात पोळून घेतले, आणि शेवटीं स्वतःचें इंजिन बनविलें. या पथकाचें नांव एप्रिलिया. त्याचा आपल्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील, तर उत्तर सोपें आहे. या नांवाच्या मोटारसायकली व स्कूटरी आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत तयार होतात. सकाळीं त्या कारखान्याच्या बसची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या तरुणांना हें नांव तोंडपाठ आहे. त्यामागचा इतिहास मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो.

व्हेनिस शहराच्या आसपासच्या सपाट मुलखांत नोआले नांवाचें लहानसें गांव आहे. दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां आल्बेर्तो बेज्जिओ नांवाच्या गृहस्थानें तेथें सायकलींचा कारखाना काढला. १९६८ च्या सुमारास तो मुलाच्या, म्हणजे इव्हानो बेज्जिओच्या हातीं आला. मुलाला मोटारसायकलींचें वेड होतें. त्यानें प्रथम पोरासोरांच्या मोपेड, मग मातीच्या रस्त्यावरील शर्यतींच्या गाड्या, आणि पुढें डांबरी शर्यतीच्या गाड्या बनविण्यास आरंभ केला.

येथें एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोटारसायकल बनविणें ही एक विद्या नव्हे, दोन विद्या आहेत. सांगाडा, चाकें, ब्रेक आणि वळणावर गाडी कशी झुकेल याचा हिशेब ही एक विद्या. इंजिन ही दुसरी. पहिली विद्या बुद्धिमान कारागिराला लहानशा कारखान्यांतहि साधते. दुसरीला ओतशाळा लागते, सूक्ष्म मापाचीं यंत्रें लागतात, आणि मुख्य म्हणजे दहापांच वर्षें तोटा सोसण्याची ताकद लागते. जपानच्या होंडा व यामाहा या कंपन्यांजवळ दोन्ही विद्या होत्या. युरोपांतील लहान कारखानदारांजवळ बहुधा पहिलीच असे. दुसरी ते विकत आणीत. ती जेथें मिळे त्या दुकानांपैकीं एक मोठें दुकान ऑस्ट्रिया देशांत, गुन्स्कीर्खेन या गांवीं होतें. त्या कंपनीचें नांव रोटॅक्स.

१९८५ सालीं एप्रिलियानें २५० सी. सी. च्या जागतिक शर्यतींत प्रथम पाऊल टाकलें तें रोटॅक्सचें इंजिन घेऊनच. स्वार होता लोरिस रेज्जानी. दोन वर्षांनीं, १९८७ च्या ऑगस्टमध्यें, मिझानोच्या मैदानावर त्यानें या गाडीला पहिला जागतिक विजय मिळवून दिला. गाडीच्या अंगावर नांव एप्रिलियाचें होतें. तिचें हृदय ऑस्ट्रियांत घडलेलें होतें.

त्या इंजिनाची एक खुबी सांगतों, कारण पुढच्या सर्व यशाचें मूळ तींत आहे. टू-स्ट्रोक इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आधीं दट्ट्याखालच्या पेटींत येतें आणि मग वर ढकललें जातें. तें आंत घेण्याचें दार केव्हां उघडावें आणि केव्हां मिटावें हा खरा प्रश्न. जपानी गाड्यांत या दारावर लवचिक पात्यांची झडप असे. आंत ओढ निर्माण झाली कीं पातीं आपोआप वांकत. रोटॅक्सच्या इंजिनांत एक पातळ गोल चकती असे व तिच्या कडेला खांच कापलेली असे. ही चकती इंजिनाच्या दांड्याबरोबर फिरे. खांच दारासमोर आली कीं मिश्रण आंत, खांच पुढें सरकली कीं दार बंद. यामुळें दार उघडण्याची व मिटण्याची वेळ कारागिराला नेमकी, आपल्या मनासारखी ठरवितां येते. खांचेचा कोन थोडासा बदलला तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. म्हणजे इंजिन दुसऱ्याचें असलें तरी तें शिकण्यासारखें होतें. कानस घेऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याला तें आपलीं गुपितें दाखवीत असे.

नोआलेच्या लोकांनीं ही संधि दवडली नाहीं. १९८९ पासून शर्यत-विभागाची सूत्रें यान विटेवेन या डच इंजिनिअराकडे आलीं, आणि रोटॅक्सच्या इंजिनावर नोआलेंत वर्षानुवर्षें काम चाललें. फळ लौकरच दिसलें. १९९२ सालीं आलेस्सान्द्रो ग्रामिन्यी १२५ सी. सी. च्या वर्गांत जगज्जेता झाला; एप्रिलियाचें हें रस्त्यावरील शर्यतींतलें पहिलें जागतिक विजेतेपद. मॅक्स ब्याज्जी या रोमच्या तरुणानें २५० च्या वर्गांत १९९४, १९९५ व १९९६ अशीं लागोपाठ तीन विजेतेपदें पटकाविलीं. व्हॅलेंतिनो रॉस्सी हें नांव तर घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे. त्याचीं पहिलीं दोन विजेतेपदें, १९९७ चें १२५ च्या वर्गांतलें व १९९९ चें २५० च्या वर्गांतलें, एप्रिलियावरचींच होत. सायकली बनविणाऱ्या खेडेगांवच्या कारखान्यानें होंडासारख्या बलाढ्य कंपनीस जेरीस आणावें, ही गोष्ट त्या काळीं सर्व युरोपांत कौतुकानें सांगितली जात असे.

मग एवढें यश येत असतां इंजिन बदलण्याचें कारणच काय पडलें?

कारण शर्यतीचे नियम बदलले, आणि दुसऱ्याच्या इंजिनाला नियमांप्रमाणें वळविणें आपल्या हातीं नसतें. दुकानांत विकल्या जाणाऱ्या मोठ्या मोटारसायकलींची एक जागतिक शर्यत असते. तिला सुपरबाइक म्हणतात. त्या वेळचा तिचा नियम असा होता कीं चार सिलिंडरांच्या गाडीस ७५० सी. सी. ची मर्यादा, पण दोन सिलिंडरांच्या गाडीस १००० सी. सी. पर्यंत मुभा. म्हणून एप्रिलियानें १९९८ मध्यें आपली पहिली मोठी गाडी काढली ती दोन सिलिंडरांची, ६० अंशांच्या कोनांत बसविलेल्या इंजिनाची. तिचें नांव आर. एस. व्ही. मिले. इंजिन अर्थात् रोटॅक्सचें. १९९९ पासून ती शर्यतींत उतरली आणि २००० सालीं ट्रॉय कॉर्सर या ऑस्ट्रेलियन स्वारानें तिच्यावर जागतिक तिसरा क्रमांक मिळविला. पुढें २००३ पासून चार सिलिंडरांनाहि १००० सी. सी. ची मुभा मिळाली आणि दोन सिलिंडरांचा जुना फायदा गेला. तत्पूर्वीं, २००२ च्या अखेरीस, एप्रिलियाच्या कारखान्याचें पथक त्या शर्यतींतून बाहेर पडलेलें होतें.

याच सुमारास सर्वांत वरच्या शर्यतींतहि, जिला मोटो-जीपी म्हणतात तींत, मोठा फेरबदल झाला. २००२ पासून जुन्या ५०० सी. सी. च्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या जागीं ९९० सी. सी. च्या फोर-स्ट्रोक गाड्या आल्या. टू-स्ट्रोकमध्यें पंधरा वर्षें मुरलेलें एप्रिलियाचें ज्ञान तेथें फारसें उपयोगी पडणारें नव्हतें. तेव्हां बेज्जिओनीं इंग्लंडची वाट धरली. नॉर्दॅम्प्टनची कॉसवर्थ कंपनी १९६७ पासून फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यतींत गाजलेली. तिच्या सहकार्यानें तीन सिलिंडरांचें एक इंजिन तयार करविलें. तीनच सिलिंडर कां? तर नियमाप्रमाणें कमी सिलिंडरांच्या गाडीला वजनांत सवलत होती. झडपा मिटविण्यास पोलादी स्प्रिंगांच्या ऐवजीं दाबलेली हवा, मूठ पिरगाळतांच तारेऐवजीं विजेच्या संदेशानें पेट्रोलचें नियंत्रण, अशा त्या काळाच्या पुढल्या कितीतरी करामती त्यांत होत्या. गाडीचें नांव ठेवलें 'क्यूब'.

कागदावर हें इंजिन अद्वितीय होतें. परंतु चार चाकांवर जें शोभतें तें दोन चाकांवर शोभेलच असें नाहीं. मोटारीचें इंजिन एकदम उसळलें तरी चार रुंद टायर तें पेलतात. मोटारसायकल वळणावर झुकलेली असतां मागच्या चाकाचा तळहाताएवढा भाग काय तो जमिनीला लागलेला असतो. तेथें उसळणारी शक्ति ही शक्ति नसून संकट असतें. क्यूबचा स्वभाव असा उसळणारा होता. २००३ सालीं कॉलिन एडवर्ड्स व नोरियुकी हागा हे दोघे नामांकित स्वार तिच्यावर बसले. जपानांतील सुझुकाच्या पहिल्या शर्यतींत एडवर्ड्स सहावा आला, आणि आशा पालवल्या. पण त्याच वर्षीं जर्मनीच्या साक्सेनरिंग मैदानावर त्याच्या गाडीनें धांवतां धांवतां पेट घेतला आणि त्याला चालत्या गाडीवरून उडी टाकावी लागली. तो प्रसंग पेट्रोलच्या गळतीचा होता, इंजिनाच्या रचनेचा नव्हे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. तथापि तीन वर्षांत या गाडीस एकहि विजय लाभला नाहीं, आणि २००४ नंतर ती मैदानांत दिसली नाहीं.

माझ्या मतें येथें बेज्जिओंची चूक कॉसवर्थची निवड करण्यांत नव्हती. रोटॅक्सचें इंजिन त्यांनीं वर्षानुवर्षें कानसून, उघडून, मिटून आपलेंसें केलें होतें. नव्या इंजिनाच्या बाबतींत त्यांना तेवढा अवधिच मिळाला नाहीं. उसनें आणलेलें इंजिन शिकावयास वेळ लागतो, आणि शर्यतीचें वर्ष कोणासाठीं थांबत नाहीं.

हा पेंच एकट्या इटलीचा आहे असें मात्र नव्हे. आपल्या इंदापूर तालुक्याच्या इतिहासांतहि त्याचा धागा सांपडतो; त्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर कळंबच्या माळरानांत ऊस व साखर कारखाना उभा करून ज्यांनीं वालचंदनगर वसविलें, त्या सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंदांना मोटारींचा कारखाना काढण्याचा ध्यास होता. सर विश्वेश्वरय्या यांच्यासारखे पुरस्कर्ते पाठीशीं होते, मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाची सहानुभूति होती, आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं बोलणीं ठरलीं होतीं. परंतु युद्धकाळांत दिल्लीच्या परकीय सरकारनें साह्य नाकारलें. शेवटीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि मुंबईस कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी व फार्गो मालमोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. १९५३ सालीं वालचंद वारले. त्याच वर्षीं टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनें असें धोरण घेतलें कीं, ज्यांना भाग येथें बनवावयाचे नाहींत, नुसते जुळवावयाचे आहेत, त्यांनीं आपलीं दुकानें आवरावीं. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. प्रीमियरनें मोठ्या अमेरिकन मोटारी सोडून इटलीच्या फियाटचा हात धरला, आणि १०८९ सी. सी. च्या इंजिनाची फियाट ११०० ही मोटार कुर्ल्यांत होऊं लागली. तीच पुढें 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत बसलेल्या प्रत्येकानें त्या इंजिनाचा आवाज ऐकलेला आहे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धांवपट्टीवर हौशी शर्यतवाले त्याच फियाट गाड्या पिटाळीत असत.

आतां यांतला भेद पहा. प्रीमियरचें इंजिन हळूहळू कुर्ल्यांतच बनूं लागलें. तें आयात केलेलें नव्हतें. परंतु त्याचा नकाशा तुरीन शहरांतला, आणि तोहि दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कुळींतला. सरकारी परवान्यांच्या राज्यांत स्पर्धा नव्हती, गिऱ्हाईक मोटारीसाठीं वर्षेंच्या वर्षें रांगेंत उभें होतें, म्हणून नवा नकाशा काढण्याची निकड कोणास वाटली नाहीं. १९८५ सालीं ती वाटली तेव्हां प्रीमियरनें '११८ एन. ई.' ही मोटार काढली. तिचा सांगाडा जुन्या फियाट १२४ च्या धर्तीचा, इंजिन मात्र जपानच्या निसानचें, ११७१ सी. सी. चें. नांवांतलीं 'एन. ई.' हीं अक्षरें म्हणजे 'निसान इंजिन'. इतक्या उघडपणें दुसऱ्याचें नांव आपल्या गाडीच्या पाठीवर लिहिणारा कारखाना मला दुसरा ठाऊक नाहीं. नव्वदीच्या दशकांत पुन्हां एकदां घर बदलून फ्रान्सच्या पूजो कंपनीशीं सोयरीक झाली. क्रायस्लर, फियाट, निसान, पूजो: तीन वेळां इंजिनदार बदलला, पण नकाशाचें टेबल एकदांहि कुर्ल्यास आलें नाहीं. वालचंदांची जिद्द ज्याला ठाऊक आहे त्याला हें वाचतांना वाईट वाटल्याशिवाय राहत नाहीं.

नोआलेकडे परत येऊं. २००० सालापासून इटलींत मोपेडवर बसणाऱ्या प्रत्येकास शिरस्त्राण सक्तीचें झालें आणि लहान गाड्यांचा खप एकदम ढांसळला. नेमक्या त्याच वर्षीं बेज्जिओनीं मोटो गुझ्झी व लाव्हेर्दा हे दोन जुने कारखाने विकत घेतलेले. शर्यतींचा खर्च होताच. एप्रिलिया कर्जांत बुडाली, आणि २००४ च्या डिसेंबरअखेर ती पियाज्जो कंपनीनें घेतली.

पियाज्जो म्हणजे व्हेस्पावाली कंपनी. व्हेस्पा या शब्दाचा इटालियन अर्थ गांधीलमाशी. १९४८ मध्यें तिचीच तीनचाकी बहीण निघाली, तिचें नांव आपे, म्हणजे मधमाशी. आमच्या खेड्यांतून 'आपे रिक्षा' म्हणतांना कोणाला मधमाशी आठवत नाहीं. आठवलेच तर तव्यावरचे आप्पे आठवतात. पुण्याला या कंपनीची ओळख फार जुनी आहे. १९६० पासून बजाज कंपनी तिच्या परवान्यानें व्हेस्पा बनवीत असे. १९७१ सालीं तो करार संपला, आणि बजाजनें १९७२ मध्यें 'चेतक' या नांवानें तीच विद्या पुढें चालविली.

या पियाज्जोच्या छत्राखालीं एप्रिलियानें जें केलें तें महत्त्वाचें आहे. मोठ्या गाडीसाठीं रोटॅक्सकडे पुन्हां जावयाचें नाहीं, इंजिन घरींच आंखावयाचें, असा निर्णय झाला. फेरारींत व लान्चियांत इंजिनांवर काम केलेले क्लाउदिओ लोम्बार्दी यांनीं नकाशा काढला. चार सिलिंडर, दोन-दोनच्या जोड्या ६५ अंशांच्या कोनांत, एकूण ९९९ सी. सी. एवढा अरुंद कोन निवडण्याचें कारण सांगाड्यांत आहे. इंजिन आंखूड झालें म्हणजे गाडीचें वजन नेमकें मध्यावर गोळा करतां येतें आणि ती वळणावर चटकन् झुकते. येथें सांगाड्याची विद्या व इंजिनाची विद्या प्रथमच एका टेबलावर बसल्या होत्या. विकत आणलेल्या इंजिनाभोंवतीं सांगाडा गुंडाळावा लागतो. येथें दोन्ही एकमेकांना विचारून वाढलीं.

२००८ च्या फेब्रुवारींत ही 'आर. एस. व्ही. ४' गाडी जगाला दाखविण्यांत आली आणि २००९ मध्यें सुपरबाइक शर्यतींत उतरली. स्वार कोण? तर तोच मॅक्स ब्याज्जी, जो पंधरा वर्षांपूर्वीं उसन्या इंजिनावर जगज्जेता झाला होता. जुलैमध्यें चेक देशांतील ब्रनोच्या मैदानावर त्यानें नव्या इंजिनाला पहिला विजय दिला. २०१० सालीं तो या शर्यतीचा जगज्जेता झाला, आणि कारखानदारांचें विजेतेपदहि एप्रिलियास मिळालें. त्या वर्षीं त्याचें वय एकोणचाळीस होतें.

या यशाला एका वादाचें गालबोट लागलें. झडपा उघडणारा दांडा दुकानांतल्या गाडींत साखळीनें फिरे. २०१० मध्यें शर्यतीच्या गाडीवर एप्रिलियानें साखळी काढून दातेरी चाकें बसविलीं. साखळी ताणली कीं झडपांची वेळ केसभर चुकते. दातेरी चाकांत ती चुकत नाहीं. प्रतिस्पर्ध्यांनीं ओरड केली. नियमांत तेव्हां बसत होतें. पण पुढच्या वर्षापासून तें बंद करण्यांत आलें. माझ्या दृष्टीनें यांत गैर कांहीं नव्हतें. उलट, इंजिनाचा नकाशा स्वतःचा असला म्हणजे काय होतें, याचें याहून स्पष्ट उदाहरण नाहीं: सोमवारीं सुचलें, आणि कोणाच्याहि परवानगीवांचून मंगळवारीं कामाला हात घातला. दातेरी चाकें गेल्यावरहि २०१२ सालीं ब्याज्जी पुन्हां जगज्जेता झालाच, आणि तोहि अवघ्या अर्ध्या गुणानें: त्याचे ३५८, टॉम साइक्सचे ३५७.५.

दरम्यान एप्रिलियाच्या जुन्या घरची वात विझली. २५० सी. सी. चा वर्ग २००९ नंतर बंद होऊन त्याच्या जागीं 'मोटो-टू' हा वर्ग आला. त्याचा नियम विलक्षण होता. सांगाडा प्रत्येक पथकानें आपला आणावा, इंजिन मात्र सर्वांना एकच: आरंभीं होंडाचें ६०० सी. सी. चें, आणि २०१९ पासून इंग्लंडच्या ट्रायम्फचें ७६५ सी. सी. चें. म्हणजे इंजिन बदललें तें सबंध वर्गाचें एका फटक्यांत बदललें, आणि पथकांना त्यांत ब्र काढावयास जागा नव्हती. खर्च आटोक्यांत राहतो व स्वारांचें कसब समान पारड्यांत तोललें जातें, हा त्याचा गुण मान्य केला पाहिजे. पण इंजिनें घडविणाऱ्या नोआलेला त्या वर्गांत काम उरलें नाहीं, आणि ती तेथून निघाली.

सर्वांत वरच्या वर्गांत एप्रिलिया २०१५ मध्यें परतली. पहिलीं वर्षें खडतर गेलीं. गाडी मागच्या रांगांत रेंगाळत असे. इंजिनाचे मुख्य शिल्पकार व शर्यत-विभागाचे प्रमुख जिजी दाल्लीन्या हे २०१३ च्या अखेरीस दुकातीकडे गेलेले होते, त्याचाहि परिणाम झालाच असेल. तरीहि चुकेल तें इंजिन मोडून नवें आंखण्याची सोय घरांतच होती. २०२० मध्यें सिलिंडरांचा कोन रुंदावून ९० अंशांचें नवें इंजिन आलें. ३ एप्रिल २०२२ रोजीं अर्जेंटिनांतील तेर्मास दे रिओ ओन्दो येथें आलेइश एस्पार्गारो या स्पॅनिश स्वारानें शर्यत जिंकली, आणि सर्वोच्च वर्गांतला एप्रिलियाचा तो पहिला विजय ठरला. मिझानोच्या पहिल्या विजयापासून यास चौतीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

आतां बारामती. पियाज्जो येथें आली ती ग्रीव्ह्ज कंपनीच्या भागीदारींत, गेल्या शतकाच्या शेवटीं, आपे या तीनचाकी गाड्या बनविण्यासाठीं. २००१ मध्यें भागीदारी संपून कारखाना सर्वस्वीं पियाज्जोचा झाला. तरी आपेचें एका सिलिंडराचें डिझेल इंजिन त्यानंतरहि वर्षानुवर्षें ग्रीव्ह्जकडूनच येत असे. गाडी बारामतीची, इंजिन बाहेरचें. पुढें कंपनीनें बारामतींतच इंजिनांचा स्वतंत्र कारखाना उभारला. २०१२ च्या एप्रिलमध्यें व्हेस्पाचा कारखाना सुरू झाला, आणि मग एप्रिलियाच्या स्कूटरीहि येथें होऊं लागल्या.

२०२३ सालीं एप्रिलियाची 'आर. एस. ४५७' ही मोटारसायकल निघाली. दोन सिलिंडर, ४५७ सी. सी., ४७.६ अश्वशक्ति. हे आंकडे मनाला येतील तसे घेतलेले नाहींत: युरोपांत नवशिक्या तरुणांच्या परवान्याला ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, आणि ४७.६ अश्वशक्ति म्हणजे बरोबर ३५ किलोवॅट. गाडी बारामतींत तयार होते आणि येथून परदेशीं जाते. ज्या गांवाहून पूर्वीं गूळ, साखर व द्राक्षें तेवढीं बाहेर जात, तेथून इटालियन नांवाची शर्यतीच्या घराण्यांतली गाडी युरोपला निघाली, याचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे, मलाहि वाटतो. पण वालचंदनगर दोन तासांत जाऊन येण्यासारखें आहे, आणि पद्मिनीहि एके काळीं कुर्ल्यांतच बनत होती, हें मी विसरूं शकत नाहीं.

२०२३ च्या सप्टेंबरांत ग्रेटर नॉयडाच्या बुद्ध मैदानावर भारतांतली पहिली मोटो-जीपी शर्यत झाली. बारामतीची ही नवी गाडी तेथें लोकांना दाखविण्यासाठीं ठेवलेली होती, आणि मैदानावर नोआलेच्या शर्यतीच्या गाड्या धांवत होत्या. एक बारामतींत जुळविलेली, दुसरी नोआलेंत. नकाशे मात्र दोहोंचेहि नोआलेचेच होते.